चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय मिरे,

रागावली आहेस ते कळलं. तीन वेळा फोन केला, तीनही वेळा 'आजी, मीटिंगमध्ये आहे' एवढंच कानावर आलं. कारखाना चालू होता तेव्हा मोठ्या साहेबालाही एवढ्या मीटिंगा नसायच्या. शेवटी म्हटलं, आपणच कागद घ्यावा. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, चौथीनंतर ते वाढलंच नाही. काना-वेलांट्या जिथे बसतील तिथे बसवते. तू डॉक्टर आहेस, तुझंही अक्षर कुणाला लागत नाही, तेव्हा नावं ठेवू नकोस. शेजारची बोलकी म्हणत होती, दे इकडे, मी लिहून देते. तिच्याकडून लिहून घेतलं असतं तर तुला मिळायच्या आधी ते अख्ख्या गल्लीचं वाचून झालं असतं. म्हणून चार दिवस खपून मीच लिहिते आहे. खाडाखोड दिसेल. ती वाचायचा प्रयत्न करू नकोस, त्यात तुमच्या मोठ्या सरांना शिव्या आहेत.

त्या दिवशी सभेतून मी मधेच उठून गेले, ते तुला लागलं. लागणारच. वस्तीच्या हॉलमध्ये दीडशे माणसं. पहिल्या रांगेत तुमचे सर, त्यांच्या शेजारी बंद कारखान्याचा वकील, भिंतीवर तुझ्या रंगीत चौकटी. वस्तीतली पहिली डॉक्टर पोरगी माइक धरून उभी आहे, आणि तिची सख्खी आजी खुर्ची सरकवून चालती होते. खुर्ची पण मेली अशी किंचाळली की मागच्या दाराचा वॉचमनसुद्धा दचकून जागा झाला. तुला वाटलं, म्हातारीला विज्ञान कळलं नाही म्हणून राग आला. सर तसंच म्हणाले म्हणे, जुन्या लोकांना रक्ताचा विषय झेपत नाही. त्यांना सांग, या म्हातारीने तीन बाळंतपणं आणि एक नवरा झेपवलाय.

मला कळलं नाही असं समजू नकोस. जेवढं कळलं तेवढं लिहून दाखवते, चुकलं तर सुधार. तुम्ही एकशे बारा घरं तपासलीत. ज्या पुरुषांनी कारखान्यात काम केलं ते छातीच्या आजाराने गेले. ते धुळीने, त्यात कुणाचा वाद नाही. पण ज्यांनी कारखान्याचं फाटकसुद्धा ओलांडलं नाही अशा आपल्या एकवीस बायका-मुलं त्याच आजाराने गेली, कुणी चाळिशीत, कुणी पन्नाशीत. कालव्यापलीकडचे लोकही त्याच धुराड्याखाली राहिले, तीच हवा प्याले, त्यांच्यातलं असं कुणी गेलं नाही. आता फरक कुठे आहे? तू काठीने भिंतीवरची चौकट दाखवलीस आणि म्हणालीस, फरक रक्तात आहे. आपण डोंगरवाले. आपल्या रक्तात म्हणे एक अक्षर फिरलेलं आहे, ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलंय, म्हणून दुसऱ्याला जी धूळ पचते ती आपल्याला मारते. मागच्या रांगेतला एक जण मान हलवून म्हणाला, बरोबर आहे, खाण तशी माती. आणि वकिलाने वहीत लिहून घेतलं. सबंध सभेत तेवढा एकच माणूस हसत होता, ते तुला माइकमागून दिसलं नसेल. मला दिसलं.

आता वीस तारखेला तो अहवाल वर जायचाय आणि त्यावर पहिली सही तुझी लागणार आहे. सर एवढे मोठे, पांढऱ्या केसांचे, मग पहिली सही तिशीतल्या पोरीची का, हे तू स्वतःला विचारलंस का? मी सांगते. उद्या कुणी म्हणालं की तुम्ही एका जमातीला बदनाम करता, तर बोट दाखवायला तू हवीस. बघा, त्यांच्यातलीच मुलगी म्हणते आहे. कुऱ्हाडीचा दांडा कसला असतो ते तुला सांगायला नको.

तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, कारण तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. तुझे आजोबा कारखान्यात लागले तेव्हा कंपनीचा एक डॉक्टर होता, जाड चष्म्याचा. तो नव्या माणसांना ओळीत उभं करून टेपने छाती मोजायचा. आपल्या माणसांची छाती मोजून तो साहेबाला म्हणाला, डोंगरवाल्यांची छाती जन्मजातच रुंद असते, विरळ हवेत वाढलेली माणसं, यांना धूळ बाधत नाही. झालं. आपली सगळी माणसं पोती फोडायच्या खोलीत, आणि पलीकडची माणसं पत्रे रंगवायला आणि मोजायला, खिडकीजवळ. ज्याला आता पेपरात ॲस्बेस्टॉस म्हणतात त्याला आम्ही दगडी कापूस म्हणायचो. तो पोत्यांतून यायचा. पोतं फाडून हाताने मोकळा करायचा आणि सिमेंटच्या टाकीत ओतायचा. त्या खोलीत समोरच्याचं तोंड दिसायचं नाही. तुझे आजोबा मात्र खुशीत. अडतीस इंच भरली होती. महिनाभर कोंबड्यासारखे छाती काढून चालायचे, मला म्हणायचे, बघ, डॉक्टरने लिहून दिलंय. बावन्नाव्या वर्षी गेले तेव्हा त्या छातीत एक जिना चढण्यापुरती हवा मावत नव्हती.

आता तूच सांग. धुळीत घालायचं होतं तेव्हा आपलं रक्त मजबूत होतं. धुळीचा जाब द्यायची वेळ आली तेव्हा तेच रक्त नाजूक झालं. पन्नास वर्षांत आपली छाती बदलली नाही मिरे, मोजणाऱ्याची गरज बदलली. दोन्ही वेळा डॉक्टरच होते, दोन्ही वेळा कागदावर होतं, आणि दोन्ही वेळा आपल्याच माणसांनी मान डोलावली. पहिल्या वेळी मीही डोलावली होती. म्हणून दुसऱ्या वेळी खुर्चीत बसवलं नाही.

तू म्हणशील, आजी, हे वेगळं आहे. सभेच्या आदल्या संध्याकाळी भांडी घासताना तू मला अर्धा तास हेच समजावत होतीस. त्या जुन्या डॉक्टरचं थोतांड होतं, हे मशीनमधून निघालेलं आहे. कुणाचा अपमान नाही, कातडीच्या रंगाशी संबंध नाही, नुसतं एक अक्षर. शिवाय कळलं तर आधी तपासणी करता येईल, माणूस वाचेल. तुझा हेतू चांगला आहे ते मला काय सांगतेस? पण तुझा हेतू त्या कागदाबरोबर घरोघर हिंडणार आहे का? सभेला तीन आठवडे झाले नाहीत, बोलकीच्या नातीच्या होणाऱ्या सासरहून निरोप आला, लग्नाआधी मुलीच्या रक्ताची चिठ्ठी दाखवा. आणि बोलकी स्वतः खोकत दवाखान्यात गेली तर नर्सने छातीचा फोटो न काढताच परत पाठवलं. म्हणाली, तुमच्याकडे असतंच ते, रक्तातलंच आहे. तुझी आधीची तपासणी ती हीच का? बोलकी घरी येऊन मला म्हणते, तुझी नात हुशार गं, आम्हाला बसल्या जागी निकाल मिळाला. मी तिला म्हटलं, तुझी जीभ बघून तरी फोटो काढायला हवा होता. हसलो दोघी. मग तिला खोकल्याची अशी उबळ आली की मी पाणी घेऊन धावले.

रक्तात काहीच नसतं असं मी म्हणत नाही. तेवढी आडमुठी मी नाही. माझी सासू त्याच धुळीत बसायची आणि ब्याण्णवाव्या वर्षी जिन्यावरून पडून गेली, तीही शेजारणीला शिव्या देता देता, म्हणजे फुप्फुसं शेवटपर्यंत ठणठणीत. तुझे आजोबा बावन्नला गेले. धूळ सगळ्यांना सारखी धरत नाही, हे मी तुझ्या मशीनच्या आधीपासून बघते आहे. एकाचं अंग सोसतं, दुसऱ्याचं सोसत नाही, त्याला तू अक्षर म्हण. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी धूळ मोज, मग रक्त मोज. ज्या घरात आग लागली तिथे पहिलं काडी कुणी ओढली ते विचारतात. लाकूड वाळलेलं होतं का, हे नंतर. तुम्ही सगळे लाकूड हुंगत बसलात.

आणि त्या संध्याकाळी तू जे दुसरं सांगितलंस त्याने माझं डोकं जास्त फिरलं. एकच पातेलं तू चार वेळा घासलंस. मग पाठ वळवून म्हणालीस की ते अक्षर तुझ्या गेलेल्या आईच्या, दवाखान्यात ठेवलेल्या रक्तात सापडलं, तुझ्यात सापडलं आणि माझ्यातही आहे. आणि म्हणून तू तुझ्या त्या इंजिनियरला सांगून टाकलंस की मला मुलं नकोत, हे पुढे न्यायचं नाही. आवाज असा, जणू दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगतेस. तो पोरगा रडला म्हणे. मला तो कधी फारसा आवडला नाही, फार नम्र आहे, पण त्या दिवशी त्याची कीव आली. अगं, तेच अक्षर घेऊन मी एकोणऐंशी वर्षांची झाले. मला बघूनही तुला प्रश्न पडला नाही? तू म्हणालीस, तू नशीबवान आजी. तुमच्या शास्त्रात नशिबाची चौकट कितवी असते गं?

बरं, आता मुद्द्यावर येते. तुझ्या भिंतीवरच्या सगळ्या चौकटी एका चौकटीवर उभ्या होत्या, ती खाली उजव्या कोपऱ्यात होती. 'घरातून संपर्क'. आणि त्यापुढे ओळीने 'नाही, नाही, नाही'. एकशे बारा घरांत एकशे बारा वेळा. म्हणूनच तुम्हाला म्हणता आलं की बायका-मुलांना धूळ लागलीच नव्हती, मग आजार रक्तातूनच आला. तो आकडा बघून मी उठले. मागे वळून बघितलंस का आपल्या बायकांच्या रांगेकडे? कुणी छताकडे बघत होती, कुणी चप्पल शोधत होती. बोलकी, जी झोपेतही बोलते, ती गप्प.

दोन वर्षांपूर्वी तुमची ती फॉर्मवाली मुलगी घरोघर आली. गोड पोरगी. सगळ्यांना आजी, काकू म्हणत होती. चौदावा प्रश्न असा: कारखान्यातली पोती, कापड किंवा दुसरी काही वस्तू तुमच्या घरात वापरली जात होती का? मी चहा ओतत होते. थेंबही न सांडता म्हटलं, नाही. तिने खूण केली आणि पंधराव्यावर गेली. सगळ्या घरांत हेच झालं. आणि तुमच्यापैकी कुणालाच, तुला, सरांना, मशीनला, असं वाटलं नाही की अरे, एवढी गरीब वस्ती, जिथे फुटकी बादलीसुद्धा कुंडी म्हणून दहा वर्षं चालते, तिथे एका घरात एक पोतं आलं नाही? तू तर याच गल्लीत वाढलीस. रक्तातलं बारीक अक्षर तुला दिसलं आणि आजीचं खोटं दिसलं नाही.

आली होती गं पोती. प्रत्येक घरात आली होती. दगडी कापूस ज्या गोणपाटाच्या पोत्यांतून यायचा, ती रिकामी झाली की कारखान्याच्या मागे ढीग पडायचा. चांगलं जाड गोणपाट, हिवाळ्यात नुसती फरशी अंगाला चावायची, आणि तो ढीग म्हणे जाळायचा. आपली माणसं शर्टाखाली पोटाला गुंडाळून आणायची. एके दिवशी सगळा जथा फाटकातून बाहेर पडला तर पलीकडचा एक जण ओरडला, डोंगरवाल्यांना दिवस गेले वाटतं. मग साहेबाने पोती मोजायला लावली. आमचा मुकादम होता, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्याचं नावच शिट्टी. तो दोन माणसं घेऊन घरोघर शिरला, बिछाने उलटे केले. तीन घरांत पोती सापडली, तिघांची नोकरी त्याच दुपारी गेली. त्यातल्या एकाची बायको नऊ महिन्यांची होती. त्या दिवसापासून वस्तीत एक शिस्त लागली. दारात कुणी कागद घेऊन आलं आणि पोत्यांबद्दल विचारलं, की उत्तर एकच. नाही. दोन वर्षांच्या पोरांनासुद्धा शिकवलं होतं. कारखाना पंचवीस वर्षांपूर्वी बंद पडला, शिट्टी तर त्याच्याही आधी गेला. पण दारात कागद आला आणि चाळीस वर्षं मुरलेलं उत्तर आपोआप बाहेर पडलं. तुमच्या मुलीला वाटलं, माहिती मिळाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं होतं. इथे तर संन्याशाच्या रक्तातच दोष काढला.

आणि ही शिस्त कुणी लावली ते विचारशील. मी लावली. शिट्टी येऊन गेल्यावर बायका माझ्याच ओट्यावर जमल्या होत्या, कारण गोणपाट शिवायचं तर माझ्याकडेच यायचं. पोत्याच्या शिवणीचं उजवं टोक धरून एक झटका दिला की सबंध दोरा सर्रकन निघून येतो, ते मला जमायचं. मग आडवं फाडायचं, हौदात बुडवायचं. पाण्यावर चांदीसारखी साय यायची, आम्ही म्हणायचो, काय सुंदर. छाप दिसू नये म्हणून चहाच्या चोथ्यात उकळायचं. तीन धुण्यांनी मऊ पडायचं. त्याच्या मी चादरी शिवल्या, उशा शिवल्या, बाळांच्या दुपट्यांना खालून अस्तर लावलं. पाळण्याच्या झोळ्या केल्या. सगळ्या वस्तीला शिवून दिल्या. माझ्या हाताला चव आहे म्हणायच्या बायका, टाका दिसत नाही. घोडं मरतं ओझ्याने आणि शिंगरू मरतं हेलपाट्याने. पुरुष खोलीतल्या धुळीने गेले, आणि पोरं मी शिवलेल्या अंथरुणात.

नंतर कारखान्यात प्लास्टिकची पोती यायला लागली. ती शिवता येत नाहीत, मग कुणी आणेना. तुझी मावशी त्यानंतरची. तीच कूस, तोच बाप, तुझ्या म्हणण्याप्रमाणे तीच खाण. आज बेचाळीस वर्षांची आहे आणि तीन मजले चढून माझ्याशी भांडायला येते. तू म्हणशील, एकीवरून काही ठरत नाही, आणि तिचे दिवस अजून पुढे असतील. ठीक आहे, मग सगळी वस्ती मोज. प्लास्टिकच्या आधी जन्मलेली पोरं एकीकडे, नंतरची दुसरीकडे. मी बोटांवर मोजलीत. तू मशीनवर मोज आणि मला खोटं पाड, मी तुझ्या सरांची पायधूळ घेईन. आणि ज्यांच्याकडे पोती गेलीच नाहीत ते कोण, तर पलीकडचे. ते खिडकीजवळ बसायचे, त्यांना पोत्यांच्या ढिगापर्यंत जायचं कामच नव्हतं. हा तुझा रक्तातला फरक.

सभेनंतर मी गप्प बसले नाही. गुडघ्यांना शिव्या घालत नऊ दिवस घरं फिरले. जुन्या बायका असलेली अजून चौसष्ट घरं आहेत. एकीने मला पाणीसुद्धा विचारलं नाही, म्हणाली, चाळीस वर्षं गिळलेलं आता ओकायला लावतेस? एकीला वाटलं, नवऱ्याचं पेन्शन बंद होईल. कोपऱ्यावरची ऐकू न येणारी काकू पहिलं काय विचारते, तर शिट्टी नक्की मेला ना? मी म्हटलं, मेला, मी मयताला जाऊन खात्री करून आले. मग म्हणाली, असं असेल तर लिही, माझ्याकडे चार चादरी होत्या. एकीने मला दारातच धरलं, तिचे दोन मुलगे गेलेत. तिला आठवत होतं की झोळी मी शिवली होती. तिने कागद घेतला, अंगठा उठवला आणि दार लावून घेतलं. चौसष्टांतल्या अठ्ठावन्न जणींनी होय म्हटलं आहे. कुणाकडे काय होतं, किती वर्षं वापरलं, त्यावर कुठलं मूल झोपायचं, हे सगळं वेगळ्या कागदावर लिहून बरोबर जोडलंय, सह्या आणि अंगठ्यांसकट. बोलकीचं नाव सगळ्यात वर आहे, ते तिने स्वतः लिहिलं, ठळक. वीस तारखेच्या आत ये. फॉर्मवाल्या मुलीला घेऊन ये आणि चौदावा प्रश्न पुन्हा विचार. तोवर त्या अहवालावर सही करायची नाही. सर चिडतील, चिडू देत. मग रक्तात जे उरेल ते खुशाल लिही, मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन.

एवढ्यासाठी पत्र लागलं नसतं, निरोपही पुरला असता. जे लिहायचं आहे ते चार दिवस पुढे ढकलते आहे. तुझ्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं, तू दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसली होतीस. डॉक्टरांनी तिला विचारलं, लहानपणी कारखान्याच्या धुळीशी, पोत्यांशी काही संबंध आला होता का. ती सांगायला तोंड उघडत होती. मी मधेच म्हटलं, नाही. कारखाना तेव्हा पंधरा वर्षं बंद होता, शिट्टी मेलेला, कुणाची नोकरी जाणार नव्हती. मला शिट्टीची भीती नव्हती. रोज सकाळी मी गोणपाटाची चादर झटकायचे तेव्हा दुसरं टोक तुझी आई धरायची, चार वर्षांची असल्यापासून. उन्हात ते कण चमकायचे आणि ती तोंड उघडं टाकून हसायची. दवाखान्यात तिने माझ्याकडे बघितलं, तिलाही तेच आठवत होतं. मग तिने डॉक्टरांकडे तोंड केलं आणि म्हणाली, आई म्हणते तसंच, नाही. तिने मला सोडवलं. त्यानंतर अडीच महिने आम्ही दोघी सगळं बोललो, तेवढं सोडून. दहा वर्षं मला कुणी म्हणालं की डोंगरवाल्यांच्या रक्तातच आहे, तर वरून मी भांडायचे आणि आतून मला बरं वाटायचं. रक्तात असलं की कुणाचाच हात नसतो, कारखान्याचा नाही आणि माझाही नाही. पण तू भांडी घासता घासता म्हणालीस की हे तुझ्यापासून पुढे जाऊ द्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर तुझ्या आईच्या ओळीपुढे माझं 'नाही' दिसलं. तिच्यापुढचं 'नाही' खोड, मिरे. ते तिचं नाही, माझं आहे. आणि खोडताना कारणाच्या जागी 'आजी विसरली होती' असं दयेपोटी लिहू नकोस. मी विसरले नव्हते.

तुझीच, रागावलीस तरी तुझीच,
आजी